तीच कळ, दुसरा ब्राउझर

क्रोममध्ये वर्षानुवर्षं काम केलेली व्यक्ती फायरफॉक्स वापरायला लागते. एखादं पान खासगी खिडकीत, म्हणजे पाहिलेल्या पानांचा इतिहास न साठवणाऱ्या खिडकीत, उघडायचं असतं, म्हणून बोटं न विचारताच कंट्रोल+शिफ्ट+एन दाबतात. खासगी खिडकी येत नाही. मघाशी बंद केलेली खिडकी मात्र सगळ्या टॅबांसकट परत उभी राहते. आता उलट करून पाहा. फायरफॉक्समध्ये खासगी खिडकीसाठी कंट्रोल+शिफ्ट+पी दाबतात. विंडोजवरच्या क्रोममध्ये तेच दाबलं, की छपाईची चौकट पुढ्यात येते.

कंट्रोल+टी म्हणजे नवा टॅब, कंट्रोल+एफ म्हणजे पानावर शोध, कंट्रोल+डी म्हणजे बुकमार्क. ही मंडळी विंडोजवर कुठल्याही ब्राउझरमध्ये गेलात तरी सारखीच वागतात. मग उरलेल्या थोड्याशा शॉर्टकटांनी वेगळी चूल का मांडली? आणि इतकी वर्षं एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या ब्राउझरांचं बाकीच्या कळांवर एकमत झालं तरी कसं? मला हा विषय किरकोळ वाटत नाही. दिवसभर ब्राउझरमध्येच काम करणाऱ्या माणसाचे हात या कळांवर शेकडो वेळा पडतात, आणि ब्राउझर बदलणं त्याला सोपं जाणार की जड, हे बरंचसं या कळाच ठरवतात.

एका चौकटीला तीन दारं

सुरुवात ॲड्रेस बारपासून करू. विंडोजवर तिथे पोचायला कंट्रोल+एल चालतं, ऑल्ट+डी चालतं आणि एफ६ सुद्धा चालतं. एका कामाला तीन शॉर्टकट कशाला, असा प्रश्न पडतो. पण या तिन्हींची मुळं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. कंट्रोल+एल मधला ‘एल’ हा ‘लोकेशन’चा. जुन्या नेटस्केप नॅव्हिगेटरमध्ये पत्ता टाकून पान उघडायच्या आज्ञेला हीच कळ होती. ऑल्ट+डी आलं इंटरनेट एक्सप्लोररकडून. त्याच्या पट्टीवर ‘ॲड्रेस’ असं लिहिलेलं असायचं आणि त्या शब्दातल्या ‘डी’खाली रेघ असायची. विंडोजमध्ये अशी रेघ असलेलं अक्षर ऑल्टसोबत दाबायचं, हा जुना शिरस्ता आहे. एफ६ तर त्याहून जुनं: एकाच खिडकीतल्या एका भागातून दुसऱ्या भागात जायची विंडोजची सर्वसाधारण कळ.

२००८ च्या सप्टेंबरमध्ये क्रोम आलं, तेव्हा नेटस्केप संपलेलं होतं. क्रोमच्या पट्टीवर ‘ॲड्रेस’ हा शब्दच नव्हता, त्यामुळे ‘डी’खाली रेघ असण्याचाही प्रश्न नव्हता. तरीही क्रोमने तिन्ही दारं उघडी ठेवली. नव्या ब्राउझरला माणसं मिळवायची असतात, ती दुसऱ्या ब्राउझरमधूनच यायची असतात आणि येताना आपली बोटं सोबत घेऊन येतात. पहिल्याच दिवशी बोट अडखळलं तर ती माणसं परत जातात. म्हणून नवा गडी जुन्यांच्या कळा मुकाट्याने उचलतो. स्पर्धेतून सारखेपणा येतो तो असा. कुठलीही समिती बसून ब्राउझरांची कळायादी ठरवत नाही.

टॅब बंद करायच्या कळाही दोन आहेत, कंट्रोल+डब्ल्यू आणि कंट्रोल+एफ४, आणि त्यांच्यामागे तर दोन घराणी आहेत. पहिलं घराणं ॲपलचं. १९८३ च्या लिसा संगणकावर काम करणारे लॅरी टेस्लर आणि त्यांचे सहकारी यांनी कापणं, नक्कल करणं, चिकटवणं आणि केलेलं परत फिरवणं यांसाठी एक्स, सी, व्ही आणि झेड ही अक्षरं घेतली. कीबोर्डच्या सगळ्यात खालच्या ओळीत डाव्या कोपऱ्यात ती शेजारी शेजारी बसलेली आहेत. एक हात माउसवर असताना दुसऱ्या हाताला सहज सापडतात. खिडकी बंद करायचं डब्ल्यू हेही मॅकच्याच परंपरेतलं. दुसरं घराणं आयबीएमचं. त्यांनी १९८७ मध्ये सगळ्या प्रोग्रॅमांसाठी एक समान नियमावली काढली. मदतीसाठी एफ१, प्रोग्रॅम बंद करायला ऑल्ट+एफ४, चिकटवायला शिफ्ट+इन्सर्ट ही तिची देणगी. विंडोज त्या वळणावर वाढलं. एका मोठ्या खिडकीच्या पोटात लहान खिडक्या असत, तेव्हा त्यांतली एक बंद करायला कंट्रोल+एफ४ आणि एकीवरून दुसरीवर जायला कंट्रोल+टॅब असायचं. पुढे त्या लहान खिडक्यांची जागा ब्राउझरच्या टॅबांनी घेतली आणि कळा वारशाने मिळाल्या. विंडोजने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅकची एक्स-सी-व्ही अक्षरंही घेतली, पण आपल्या जुन्या कळा मोडल्या नाहीत. आजही ब्राउझरमध्ये शिफ्ट+इन्सर्ट दाबून पाहा, मजकूर चिकटतो.

एन की पी?

आता सुरुवातीच्या गोंधळाकडे. वरवर पाहिलं तर वाटतं, फायरफॉक्सने हट्टाने वेगळी कळ ठेवली. प्रत्यक्षात हा घटनाक्रमाचा परिणाम आहे, आणि मला या सगळ्या विषयातला हाच भाग सर्वांत बोलका वाटतो.

क्रोमने २००८ मध्ये पहिल्यापासूनच खासगी वावर ही स्वतंत्र खिडकी म्हणून दिली. साधी नवी खिडकी कंट्रोल+एन, तर खासगी नवी खिडकी कंट्रोल+शिफ्ट+एन. सरळ हिशोब. मार्च २००९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ८ आणि जूनमध्ये फायरफॉक्स ३.५ ही सोय घेऊन आले. दोघांनीही ‘प्रायव्हेट’चं पी घेतलं. फायरफॉक्सला तर एन घेण्याचं कारणच नव्हतं, कारण तिथे नवी खिडकी उघडतच नव्हती. तेव्हाच्या फायरफॉक्समध्ये खासगी वावर सुरू केला की उघडे असलेले सगळे टॅब बाजूला ठेवले जायचे, अख्खा ब्राउझर खासगी व्हायचा आणि खासगीपणा बंद केला की जुने टॅब परत यायचे. दिव्याच्या बटणासारखी ती चालू-बंद करायची कळ होती. खिडकीगणिक खासगीपणा फायरफॉक्समध्ये आला तो एप्रिल २०१३ मध्ये, आवृत्ती २० सोबत.

तोवर कंट्रोल+शिफ्ट+एन या जागी दुसरा रहिवासी आला होता: बंद केलेली खिडकी परत उघडणं. त्यामागचा फायरफॉक्सचा विचार नीट बघा. कंट्रोल+टी नवा टॅब उघडतो, तर शिफ्टसह टी बंद झालेला टॅब परत आणतो. कंट्रोल+एन नवी खिडकी उघडतो, तर शिफ्टसह एन बंद झालेली खिडकी परत आणतो. शिफ्ट म्हणजे ‘गेलेलं परत आण’. हा नियम दोन्हीकडे एकसारखा लागतो. क्रोममध्ये शिफ्टचा अर्थ टीसोबत एक आणि एनसोबत दुसराच. तर्काच्या कसोटीवर फायरफॉक्सची रचना जास्त नेटकी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नेटकेपणाला इथे फारसं कोणी विचारत नाही. जास्त लोकांच्या बोटांत जे बसलंय, तेच पुढे ‘नेहमीचं’ ठरतं. मायक्रोसॉफ्टच्या एजचं उदाहरण घ्या. जुन्या एजने इंटरनेट एक्सप्लोररकडून पी घेतलं होतं. जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमच्या, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे त्याच पायावर उभा केलेला नवा एज आला आणि त्यासोबत कळही एन झाली. मॅकवरची सफारीही कमांड+शिफ्ट+एन वापरते. तेव्हा मोठ्या ब्राउझरांपैकी पी आता फायरफॉक्सकडेच उरलं आहे.

मग फायरफॉक्सने कळ बदलून टाकावी का? क्रोममधून येणाऱ्यांची सोय होईल, पण वर्षानुवर्षं फायरफॉक्स वापरणाऱ्यांची बोटं फसतील. कळ नवी असताना ती कोणालाही कशीही देता येते. एकदा लोकांच्या हातात बसली, की ती काढून घेणं म्हणजे त्यांच्याकडून शिकलेली गोष्ट विसरवून घेणं. शिकण्यापेक्षा विसरणं अवघड, हे सायकलपासून टंकलेखनापर्यंत सगळीकडे दिसतं. पूर्णपणे अनोळखी कळ असेल तर माणूस थांबून विचार करतो. अर्धवट ओळखीची असेल तर विचार न करताच दाबतो. म्हणून नव्वद टक्के सारख्या असलेल्या दोन ब्राउझरांमध्येच चुका जास्त होतात.

बॅकस्पेसचा धडा

तरीही कधी कधी कळ बदलावीच लागते. बॅकस्पेस हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. अनेक वर्षं विंडोजवरच्या ब्राउझरांमध्ये बॅकस्पेस दाबलं की मागचं पान यायचं. तीच कळ मजकुराच्या चौकटीत असताना मागचं अक्षर खोडायची. म्हणजे एकाच कळीची दोन कामं, आणि कुठलं काम होणार ते कर्सर कुठे आहे यावर अवलंबून. मी एकदा एक लांबलचक अर्ज तासभर बसून भरला होता. शेवटच्या रकान्यात एक अंक चुकला म्हणून बॅकस्पेस दाबलं. कर्सर चौकटीत आहे असं मी धरून चालले होते, तो नव्हता. पान मागे गेलं आणि पुन्हा पुढे आले तेव्हा सगळे रकाने कोरे. त्या क्षणी पोटात पडलेला खड्डा मला आजही आठवतो. तेव्हापासून जिथे एकच कळ दोन कामं करते, तिथे मी सावध असते.

क्रोमने २०१६ मध्ये आवृत्ती ५२ पासून बॅकस्पेसने मागे जाणं बंद केलं. त्या बदलासोबत दिलेली आकडेवारी विचार करण्यासारखी आहे: पाहिल्या गेलेल्या पानांपैकी ०.०४ टक्के वेळा लोक बॅकस्पेसने मागे जात होते, आणि ०.००५ टक्के वेळा ते एखादा फॉर्म हाताळल्यानंतर घडत होतं. म्हणजे एक लाख पानांमागे ४० वेळा कळ वापरली जाते आणि त्यातल्या ५ वेळा कोणाचं तरी लिहिलेलं पुसलं जाण्याचा धोका. आकडे लहान दिसतात. पण जगभर रोज किती पानं उघडली जातात ते आठवलं, की त्या पाचांचं वजन कळतं. ज्यांना ही कळ हवी होती त्यांच्याकडून तक्रारी आल्या आणि ती परत आणणारं एक्स्टेन्शन गूगलने स्वतः दिलं. फायरफॉक्सने तोच निर्णय मार्च २०२१ मध्ये आवृत्ती ८७ सोबत घेतला, पण सेटिंग बदलून जुनी सवय परत मिळवायची वाट ठेवली. आता मागे जायला विंडोजवर ऑल्ट आणि डावा बाण.

माझ्या मते इथे दोन्ही ब्राउझरांनी योग्य केलं. सवय मोडणं वाईट. पण कोणाचं तासाभराचं काम बुडवणारी सवय जपण्यात अर्थ नाही. बाकी बदलांना मात्र मी हा निकष लावते: जुन्या कळीने कोणाचं खरोखर नुकसान होत होतं का? नसेल, तर तिला हात लावू नये.

कळ नेमकी कोणाची?

आपण कळ दाबतो तेव्हा ती थेट ब्राउझरकडे जात नाही. पहिला हक्क संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा. मॅकवर कमांड+एच दाबलं की चालू प्रोग्रॅम लपतो, हा सिस्टिमचा नियम. म्हणून ‘हिस्टरी’चं एच मॅकवर मोकळंच नाही, क्रोम आणि सफारी दोघंही तिथे इतिहासासाठी कमांड+वाय वापरतात. म्हणजे एकाच ब्राउझरची कळ दोन संगणकांवर वेगळी असते आणि त्यात ब्राउझरचा काही दोष नसतो. लिनक्सवर फायरफॉक्समध्ये टॅबच्या क्रमांकासाठी कंट्रोलऐवजी ऑल्ट लागतं, तेही असंच ध्यानात ठेवावं लागतं.

सिस्टिमने सोडून दिलेली कळ ब्राउझरकडे येते. काही कळा तो कोणालाही देत नाही: नवा टॅब, नवी खिडकी, टॅब बंद करणं. हे राखून ठेवणं गरजेचं आहे, नाहीतर एखादी खोडसाळ वेबसाइट तिच्या पानावरून तुम्हाला बाहेरच पडू देणार नाही. उरलेल्या बऱ्याच कळा तो आधी पानाला दाखवतो. पान म्हणालं ‘ही माझी’, तर ब्राउझर बाजूला होतो. म्हणूनच ब्राउझरमध्ये चालणाऱ्या लेखन-संपादकात कंट्रोल+एस दाबलं की पान उतरवण्याची चौकट न येता मजकूर साठवला जातो. हीच मोकळीक कधी त्रासाची होते. फायरफॉक्समध्ये तिरकी रेघ दाबली की पानावर झटपट शोधायची पट्टी उघडते; अनेक वेबसाइटी तीच कळ स्वतःच्या शोधचौकटीसाठी घेतात, आणि मग रोजच्या वापरातली सोय त्या पानांवर नाहीशी होते. फायरफॉक्समध्ये पानाच्या माहितीच्या चौकटीत जाऊन एखाद्या साइटचा शॉर्टकट बळकावण्याचा हक्क काढून घेता येतो. ही सोय फार कमी जणांना माहीत आहे.

ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी तर हा जगण्यातला प्रश्न आहे. एनव्हीडीएसारखे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे प्रोग्रॅम, पान वाचताना एकेक अक्षर वापरतात: एच म्हणजे पुढचं शीर्षक, के म्हणजे पुढची लिंक, टी म्हणजे पुढचा तक्ता. बोलून मजकूर लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी. पानाने एकेका अक्षराला आज्ञा जोडलेल्या असतील, तर बोललेल्या शब्दातली अक्षरं आज्ञा म्हणून झडू लागतात. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यतेच्या निकषांत म्हणूनच एक कलम आहे: एकेरी अक्षराचा शॉर्टकट असेल तर तो बंद करता यावा, बदलता यावा किंवा त्या विशिष्ट घटकावर असतानाच चालावा. वेबसाइट बनवणाऱ्या प्रत्येकाने हे कलम वाचायलाच हवं.

कीबोर्डची मांडणी बदलली की आणखी एक गुंता. फ्रेंच कीबोर्डवर झेडच्या जागी डब्ल्यू बसतो. म्हणजे इंग्रजी कीबोर्डची सवय असलेल्या बोटांनी ‘केलेलं परत फिरव’ म्हणून कंट्रोलसोबत तिथली कळ दाबली, तर टॅबच बंद होतो. तिथे ब्राउझर अक्षर बघतो, जागा नाही.

किती जणांना माहीत असतं?

गूगलमध्ये लोक शोध कसा घेतात याचा अभ्यास करणारे डॅन रसेल यांनी २०११ मध्ये सांगितलं होतं, की त्यांनी पाहिलेल्यांपैकी ९० टक्के लोकांना पानावर शब्द शोधायची कंट्रोल+एफ ही कळच माहीत नव्हती. इतकी जुनी, इतकी सर्वमान्य कळ! यावरून एक गोष्ट उमगते. बहुतेकांकडे मोजक्याच, पाचसात कळा असतात, आणि त्या कोणीतरी शेजारी बसून दाखवलेल्या असतात. ज्याच्याकडे पाचच कळा आहेत त्याची एक कळ बिघडली, तर त्याचा पाचवा हिस्सा गेला. सराईत माणूस दुसरा मार्ग काढतो. थोडं जाणणारा आपणच काहीतरी चुकलो असं समजून गप्प बसतो. कळा बदलताना याच माणसाचा विचार आधी व्हायला हवा.

आणि जिथे एकमत होणं शक्य नाही, तिथे निवड वापरणाऱ्यावर सोडावी. कंट्रोल+टॅब घ्या. क्रोममध्ये ते पट्टीवरच्या क्रमाने शेजारच्या टॅबवर नेतं. ऑक्टोबर २०१८ मधल्या आवृत्ती ६३ पासून नव्याने बसवलेल्या फायरफॉक्समध्ये ते नुकत्याच पाहिलेल्या टॅबवर नेतं, पण सेटिंगमध्ये एक खूण काढली की क्रोमसारखं वागतं. दोन्ही पद्धतींना आपापले चाहते आहेत आणि दोघांचीही बाजू पटते. व्हिवाल्डी हा ब्राउझर ऑपेराच्या एका सहसंस्थापकानेच पुढे उभा केला. त्यात जवळपास प्रत्येक आज्ञेची कळ आपल्या मनाने लावता येते. ऑपेरा आणि ब्रेव्हमध्येही कळा बदलायचं पान आहे. मॅकवर तर सिस्टिमच्या कीबोर्ड सेटिंगमधून कुठल्याही प्रोग्रॅमच्या मेनूतल्या आज्ञेला आपली कळ देता येते. कमांड+क्यू आणि कमांड+डब्ल्यू शेजारी असल्यामुळे टॅबऐवजी अख्खा ब्राउझर बंद होतो, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी हा उपाय करून पाहावा. मॅकवरच्या क्रोममध्ये ‘बंद करण्याआधी इशारा’ अशी एक सोयही मेनूत आहे. ती चालू केली की क्यू थोडा वेळ दाबून धरावा लागतो.

ब्राउझर बदलायचं ठरवलं असेल, तर सगळी यादी पाठ करायला बसू नका. जुळणाऱ्या कळा आपोआप जुळतील. न जुळणाऱ्या मोजक्याच निघतील: खासगी खिडकी, कंट्रोल+टॅबचा क्रम, मॅकवर डाउनलोडची यादी. त्या एका चिठ्ठीवर लिहून आठवडाभर पडद्याच्या कडेला लावा. आणि पहिल्या दिवसापासून कंट्रोल+शिफ्ट+टी हाताशी असू द्या, मॅकवर कमांड+शिफ्ट+टी. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी, ऑपेरा, व्हिवाल्डी, सगळीकडे ती चुकून बंद केलेला टॅब परत आणते. फक्त खासगी खिडकी एकदा बंद केली, की ती कुठल्याच कळीने परत येत नाही.